कर्जाच्या कागदावर तिचे नाव

आज ३१ मे. चौंडीत नेहमीप्रमाणे मांडव पडला असेल, पुढाऱ्यांच्या गाड्यांनी जामखेडचा रस्ता अडला असेल. १७२५ मध्ये त्या गावी जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ पासून आपल्या जिल्ह्याला लागले आहे. त्याच्या आदल्या वर्षापासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत त्यांच्या नावाने दरवर्षी दोन महिलांचा सन्मान होतो. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह असे त्याचे स्वरूप असते आणि महिला व बालकल्याणाचे काम हा निकष असतो. आमची एक सूचना आहे. या दोघींपैकी एक जण घराच्या पैशाचा व्यवहार पाहणारी असावी. गटाच्या बैठकीत घरदुरुस्तीच्या कर्जाची वही लिहिणारी, बँक सखी, पतसंस्थेची शाखाधिकारी, कोणीही चालेल.

गृहवित्ताच्या मोठ्या बाजारात असे गौरव आता होऊ लागले आहेत, आणि त्यांत गैर काही नाही. रेणू सूद कर्नाड १९७८ मध्ये एचडीएफसीत आल्या, तेव्हा ती संस्था स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते. ‘कर्ज काढून घर’ हे ऐकताच मध्यमवर्गीय माणसाच्या पोटात गोळा यावा, असा तो काळ. भविष्यनिर्वाह निधीतले पैसे, सासऱ्याची मदत आणि निवृत्तीची रक्कम जमवून पन्नाशीनंतर घर होत असे. ते चाळिशीच्या आत होऊ लागले, या बदलात कर्नाड पहिल्यापासून होत्या. २०१० मध्ये त्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या आणि १ जुलै २०२३ ला संस्था बँकेत विलीन होईपर्यंत त्या पदावर राहिल्या. सत्कार व्हायलाच हवा.

पण हा उद्योग पगाराची पावती पाहून कर्ज देतो. पावती नसलेल्या बाईला कर्ज कसे द्यायचे, याचे उत्तर शोधणाऱ्या बायका आम्हाला अधिक मोठ्या वाटतात. त्यांतल्या एकीचे काम सातारा जिल्ह्यात आहे.

साताऱ्याच्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्याकडे लोखंडकाम करणारी, रस्त्याच्या कडेला राहणारी एक बाई आली. पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडे थोडे साठवायचे, तर खाते उघडायला एकही बँक तयार नव्हती. म्हणजे मागणी कर्जाचीसुद्धा नव्हती. स्वतःचे पैसे सुरक्षित ठेवायला जागा द्या, एवढीच होती. त्यातून बँक काढायचे ठरले. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांनी अंगठे उठवले होते. बायका गावी परतल्या, अक्षरे गिरवू लागल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला जाऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. आम्हाला मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे, असे त्यांचे म्हणणे. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ही गोष्ट बायकांच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती बँकांच्या अडाणीपणाची वाटते. रोज हिशेब करून घर चालवणाऱ्या माणसाची पत जोखायला अंगठ्याशिवाय दुसरे काही पाहण्याची पद्धतच त्या व्यवस्थेकडे नव्हती.

मुंबईत १९८० च्या दशकात भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी ‘महिला मिलन’ उभारून हेच केले. शीला पटेल यांच्या ‘स्पार्क’ची साथ होती. बचत गोळा करणे, वस्तीची मोजणी करणे, माळा काढता येईल एवढ्या उंच खोलीचा नमुना तयार करून तो लोकांसमोर मांडणे, ही कामे त्या स्वतः करत.

आता जरा आपल्या अंगणात पाहू. सहकाराचा हा जिल्हा. प्रवरानगरचा कारखाना, गावोगावच्या पतसंस्था, नागरी बँका. शतकाहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला, त्याचा चटका ठेवीदार विसरलेले नाहीत. सहकार कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या भरल्याही जातात. बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी सौभाग्यवती, कोणाच्या सूनबाई. अहवालात त्यांचा फोटो असतो. कर्ज समितीच्या बैठकीत त्या किती वेळा बोलतात, हे त्या-त्या संस्थेने स्वतःलाच विचारावे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांची घरकर्जाची मर्यादा वाढवली, तेव्हा या समित्यांच्या हातात मोठे अधिकार आले. मंजुरीची सही जिची, तिलाच आम्ही या क्षेत्रातली नेता म्हणू.

नाव लावण्याच्या बाबतीत मात्र सरकार उदार आहे. पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. सुरुवातीला तिला ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती. २०२३ मध्ये ती निघाली. निघाली हे बरेच झाले, कारण विकता येत नाही ती मालकी कसली? पण अट गेल्यावर, सवलतीपुरते वहिनीच्या नावावर आणि मग शांतपणे दिराच्या नावावर, ही वाटही मोकळी झाली. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेने १९८४ च्या सुमारास घरकर्ज सुरू केले तेव्हा घराखालची जमीन आधी बाईच्या नावे करा, मगच कर्ज, असा दंडक ठेवला. आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत नवऱ्यांना स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती. त्यात सवलत नव्हती, उलट तलाठ्याकडे हेलपाटे होते. तरीही गावेच्या गावे पुढे आली.

नाव लागले तरी हप्ता कोणाच्या कमाईतून जाणार, हा प्रश्न उरतोच. इथे अहिल्याबाईंच्या चरित्रातला एक तपशील आम्हाला भाषणांतल्या सगळ्या विशेषणांपेक्षा मोलाचा वाटतो. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची स्वतंत्र जहागीर झाली. तीच पुढे सुनेच्या हाती आली. काशीपासून रामेश्वरापर्यंतचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांमागे हे खासगीचे उत्पन्न होते आणि दौलतीचा हिशेब त्याहून वेगळा ठेवलेला होता. बाईचे स्वतःचे उत्पन्न, स्वतःचे दप्तर.

आणि आज? पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून नवरा-बायको ऊसतोडीला जातात तेव्हा दोघांचा मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल मुकादम नवऱ्याच्या हाती देतो. पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईच्या नावावर कागदोपत्री एका रुपयाचीही कमाई नाही. तिचे घरकुल मंजूर होते, सपाट भागातल्या घराला एक लाख वीस हजारांचे मूळ अनुदान असते, तेही बांधकामाच्या टप्प्यांनी. चौथरा झाल्यावर पुढच्या हप्त्यासाठी फोटो काढायच्या वेळी घरची माणसे दीडशे कोसांवर फडात असतात. वरची रक्कम उभी करायला ती बँकेत गेली, तर उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, तो तारणाला पुरत नाही. ड्रोनने गावठाणे मोजून सनदा देण्याच्या योजनेने हा दुसरा अडथळा हळूहळू दूर होईल. पहिला अडथळा मात्र ‘कोयता’ या मोजमापातच रुतला आहे, आणि तो काढायला दिल्लीच्या योजनेची गरज नाही.

मुकादम आणि बँक एकाच तालुक्यात आहेत. उचलीचा निम्मा हिस्सा बाईच्या खात्यावर जमा करायचा आणि दोन हंगामांच्या त्या नोंदी पाहून घरासाठी कर्ज द्यायचे, असा ठराव करायला संचालक मंडळाची एक बैठक पुरे. राखीव जागेवरच्या दोघींनी तो मांडावा. पावसाळ्यातच पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होतात, त्यामुळे विषय जूनच्या बैठकीच्या पत्रिकेवर आला पाहिजे.