गाडीचा दवाखाना: जुन्या ट्रकचा एसी



टेक्ससच्या उन्हाळ्यात हमखास येणारा प्रश्न: "दरवर्षी गॅस भरतो, तरी एसी गार का करत नाही?" अहो, हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. त्याच्याबरोबर तेलही जातं आणि शेवटी कॉम्प्रेसरच जाम होतो. माझ्या १९९२ च्या पिकअपमध्ये गळत होती एक साधी रबरी ओ-रिंग! तेव्हा आधी गळती शोधा.

बॉनेटखालचं लेबल वाचा. आर-१२ असेल तर त्यावर आर-१३४ए नुसता भरू नका. तेल आणि फिटिंग दोन्ही बदलावी लागतात. जुना गॅस परवानाधारक मेकॅनिककडून काढून घ्या, हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे. मग व्हॅक्यूम पंपाने हवा-ओलावा काढून, वजन करूनच गॅस भरा.