चर्चामंडळ कोणाच्या सोयीचे?

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत ऐरोली हे गाव वसलेले आहे. या पट्टीतील आगरी व कोळी लोकांचा चरितार्थ एकेकाळी भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर चाले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहू लागली आणि भातखाचरांच्या जागी वसाहती व कचेऱ्या आल्या. आज ऐरोलीत संगणकाची कामे करणाऱ्या कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती आहेत. ज्या मोबाइलवर शेतकरी आज बाजारभाव पाहतो आणि पिकावरील रोगाविषयी इतरांशी विचारविनिमय करतो, त्यातील साधने अशाच इमारतींत बसून रचली जातात. रचणारा खुर्चीवर असतो व वापरणारा बांधावर. या दोघांमधील अंतर कमी झाल्याखेरीज चर्चेचे कोणतेही साधन शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगी पडणार नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. भाताची लावणी होऊन दीड महिना झाला आहे आणि एका शेतकऱ्याला पानांवर डाग दिसतात. तो छायाचित्र काढून गावाच्या मोबाइल गटावर पाठवितो व खाली दोन शब्द लिहितो, ‘काय करावे?’ तेवढ्यात गटावर सुप्रभाताचे संदेश येतात, कोणाच्या वाढदिवसाचे अभिनंदन होते, एखादी जाहिरात येते. संध्याकाळपर्यंत त्याचा प्रश्न वर कोठेतरी सरकून गेलेला असतो. दोघातिघांनी औषधांची नावे कळविलेली असतात. परंतु डाग कसले, हे कोणीच विचारलेले नसते. डाग होडीच्या आकाराचे व मध्यभागी राखी असतील, तर तो करपा हा बुरशीजन्य रोग असण्याचा संभव असतो. पान टोकाकडून व कडेने पिवळे पडून वाळत चालले असेल, तर तो कडा करपा हा जिवाणूजन्य रोग असू शकतो. बुरशीनाशकाने जिवाणूंचा रोग बरा होत नाही. म्हणजे सल्ला देणारे पुष्कळ असूनही पैसा, श्रम आणि आठवडा वाया जातो व पीक हातचे जाते. त्या गटात सभासद अडीचशे असतील. तरीही त्याला चर्चामंडळ म्हणता येणार नाही.

पुणे केंद्राचा प्रयोग

चर्चा कशी बांधावी, याचा एक उत्तम धडा महाराष्ट्रानेच फार पूर्वी घालून दिला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ ग्रामीण चर्चामंडळांचा प्रयोग केला. त्यासाठी तत्कालीन मुंबई राज्याच्या ५ मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० खेडी निवडण्यात आली होती. यामागील मूळ कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ ते १९६५ या काळात शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालली व ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्यांचे ब्रीद होते.

पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रक्षेपित होई. असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावातील सुमारे २० सभासद एकत्र बसून तो ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. प्रत्येक मंडळास एक अध्यक्ष व एक निमंत्रक असे. निमंत्रक चर्चेचे टिपण व उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवी, आणि त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. त्यांपैकी काहींत रेडिओ होता व काहींत नव्हता. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ दिसून आली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ आढळली नाही. जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूरात यांनी लिहिलेला या प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

यातून निघणारा निष्कर्ष आजही तितकाच खरा आहे. रेडिओचा संच दोन्ही प्रकारच्या गावांत सारखाच होता. फरक पडला तो एकत्र बसण्याची ठरलेली वेळ, बेताची सभासदसंख्या, एका वेळी एकच विषय, टिपण ठेवणारा माणूस आणि उत्तर परत येण्याची हमी या गोष्टींनी. या सर्व सोयी यंत्राच्या नव्हत्या, मांडणीच्या होत्या. पुढील काळात ही मंडळे मागे पडली. परंतु त्यांची मांडणी जुनी झाली, असे मानण्याचे कारण नाही.

यंत्र मोठे की सोय मोठी

नवीन व भारी यंत्र आणले म्हणजे सोय झाली, असा एक समज आहे. वारणेच्या खोऱ्यातील अनुभव त्याच्या उलट आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांत संगणक केंद्रे उघडण्याची योजना सुरू झाली. शेतीची नाना प्रकारची माहिती या केंद्रांतून मिळावी, असा उद्देश होता. प्रत्यक्षात शेतकरी तेथे मुख्यतः उसाचे वजन, तोडणीची परवानगी व हिशेब अशा रोजच्या कामांसाठी जात. पुढे काही गावांत प्रयोगादाखल संगणकाचे काम साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांवर सोपविण्यात आले. शेतकरी संदेश पाठवी आणि त्याला हवा तो आकडा परत येई. ही पद्धत कमी खर्चाची, अधिक सोयीची व शेतकऱ्यांना अधिक पसंत पडलेली ठरली. शेतकऱ्याला केंद्रापर्यंत चालत जावे लागले नाही, ही त्यातील खरी सुधारणा होती.

शेजारच्या गुजरातेतील एक प्रयोग तर थेट चर्चेचाच आहे. ‘आवाज ओटलो’ म्हणजे आवाजाची ओटी, असे त्याचे समर्पक नाव. ज्यांना लिहिणे-वाचणे अवघड जाते, अशांनीही साध्या दूरध्वनीवरून प्रश्न विचारावा, इतरांचे प्रश्न व त्यांची उत्तरे ऐकावीत, अशी ती योजना होती. ७ महिने चाललेल्या चाचणीत ५१ शेतकऱ्यांनी तिचा वापर कसा केला, याचा अभ्यास झाला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तीत ठेवलेल्या निरनिराळ्या सोयींपैकी प्रश्नोत्तरांचा ओटाच सर्वांत लोकप्रिय ठरला. तज्ज्ञाचे अधिकृत उत्तर आणि आपल्यासारख्या शेतकऱ्याशी मोकळी बोलणी या दोन्ही गोष्टी लोकांना हव्या होत्या. त्या ओट्यावर देखरेखही सतत ठेवावी लागली. त्याच मंडळींच्या आणखी एका चाचणीत असे दिसले की, यंत्राला तोंडी शब्द सांगण्यापेक्षा आकड्यांच्या कळा दाबून काम करणे शेतकऱ्यांना अधिक साधले. कचेरीत बसून विचार करणाऱ्यास याच्या उलट वाटले असते. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय सोय ठरवू नये, ती यासाठी.

सोयी कोणत्या असाव्यात

या अनुभवांवरून शेतकऱ्यांच्या चर्चेच्या साधनात पुढील पाच गोष्टी अवश्य असाव्यात, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिली गोष्ट, प्रश्न विचारणे सोपे परंतु पुरते असावे. पीक व जात कोणती, पेरणी किंवा लावणी होऊन किती दिवस झाले, खत कोणते व किती दिले, पाऊस-पाण्याची स्थिती काय आणि नुकसान किती गुंठ्यांत आहे, एवढे साधनानेच एकामागून एक विचारावे. शेतकऱ्याने ते बोलून सांगावे किंवा आकडा दाबून निवडावे. अक्षर ठळक व भाषा घरची असावी. उन्हात, चिखलाच्या हातानेही कळ दाबता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट, प्रश्न आणि त्याची उत्तरे एकत्र राहावीत. दुसऱ्याच्या शुभेच्छांखाली ती गाडली जाऊ नयेत. पुढील खरिपात तोच रोग आला, तर पिकाचे नाव घेताच मागील वर्षीची चर्चा समोर यावी. गावाच्या दप्तराला जसे महत्त्व, तसेच या टिपणाला आहे.

तिसरी गोष्ट, उत्तर कोणाचे हे स्पष्ट दिसावे. अनुभवी शेतकऱ्याचा अनुभव मोलाचा असतो. परंतु तो अनुभव म्हणून यावा. कृषी विद्यापीठाची शिफारस शिफारस म्हणून यावी. औषध विकणाऱ्याने सल्ला दिल्यास तो विक्रेता आहे, हे वाचणाऱ्यास कळावे. हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु औषधांचे मिश्रण, मात्रा व संरक्षक साधने यांविषयी हलक्या हाताने बोलावयाचे नसते, एवढे तरी तिने सर्वांना शिकविले पाहिजे. म्हणून फवारणीविषयीचे कोणतेही उत्तर जाणकाराने तपासल्यावाचून चर्चेत पक्के समजले जाऊ नये.

चौथी गोष्ट, जो बोलत नाही त्याच्यासाठी जागा असावी. गावाच्या बैठकीत नेहमी बोलणारे पाचसहाजण असतात. मोबाइलवरही तेच घडते. शेतातील निंदणी, लावणी व कापणीची कामे मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या स्त्रिया मात्र गटात नसतात, कारण घरातील मोबाइल पुरुषाच्या खिशात असतो. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ज्यांचा आवाज मोठ्या सभेत दबतो, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, हा तिचा हेतू. चर्चेच्या साधनातही असेच करावे. स्त्रियांचा स्वतंत्र गट असावा, आणि नाव न कळविता प्रश्न विचारण्याची मुभा सर्वांना असावी. स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटून न विचारलेला प्रश्न पुढे फार महाग पडतो.

पाचवी गोष्ट, प्रश्न तडीस जावा. उत्तर मिळाले, उपाय केला, त्याचा गुण आला की नाही, हे प्रश्नकर्त्याने कळवावे आणि त्यानंतरच तो प्रश्न मिटला असे समजावे. न सुटलेल्या प्रश्नांची यादी सर्वांना दिसेल अशी वर ठेवावी. १९५६ च्या मंडळांत निमंत्रक जे काम करी, तेच हे काम होय.

दोन आक्षेप

यावर काही मंडळी म्हणतील की, इतके नियम घातले म्हणजे मोकळेपणा जाईल. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. शेतकऱ्याला शेजाऱ्याशी गप्पा मारावयाच्या असतात, आणि गप्पांतूनही पुष्कळ शहाणपण मिळते. ती जागा जरूर ठेवावी. परंतु बाजाराच्या दिवशी ज्या ओट्यावर सारे गाव बोलत असते, त्याच ओट्यावर त्याच वेळी आजारी बैलाला काय द्यावे याचा निर्णय कोणी करीत नाही. गप्पांची जागा व प्रश्नांची जागा वेगळी केली, तर दोन्ही मोकळी राहतात.

दुसरा आक्षेप असा की, शेतकरी आता शिकला आहे, मोबाइल सराईतपणे चालवितो, त्याच्यासाठी वेगळी सोय कशाला? तरुणांपुरते हे खरे आहे. परंतु शेतीचे निर्णय ज्या वडीलधाऱ्यांच्या हाती असतात, त्यांची दृष्टी मंदावलेली असते. बारीक अक्षर वाचता न येणे हा अडाणीपणा नव्हे. वाढे त्याच्या पायापुरते नसेल, तर सुतार पायाला दोष देत नाही.

कार्यकर्त्याचे काम

ऐरोलीतून किंवा अन्य कोठून नवे साधन तयार होऊन येईपर्यंत विस्तार कार्यकर्त्याने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. हाती असलेल्या मोबाइल गटातही पुष्कळ करता येते. गट लहान ठेवावा व पिकावार करावा. आठवड्यातील एक संध्याकाळ व एक विषय ठरवून घ्यावा. प्रश्न कसा विचारावा, याचा एक नमुना आवाजी संदेशाने सर्वांना पाठवावा. गावातीलच एखाद्या विश्वासू व्यक्तीस निमंत्रक नेमावे. ती स्त्री असल्यास अधिक चांगले. तिने एका वहीत प्रश्न, उत्तर व परिणाम असे तीन रकाने आखून नोंद ठेवावी. ज्या प्रश्नाचे उत्तर गटात मिळत नाही, तो कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा, अथवा २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावा आणि मिळालेले उत्तर गटास कळवावे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांना ते उत्तर तोंडी पोहोचविणे हेही कार्यकर्त्याचेच काम होय.

साधने रचणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा करणे गैर ठरणार नाही. साधन पुरे होण्यापूर्वी त्यांनी ते एखाद्या भातखाचराच्या बांधावर आणावे, शेतकऱ्याच्या हातात द्यावे व स्वतः काही न सांगता शेजारी उभे राहावे. तो जेथे अडेल, तेथे साधन चुकले आहे असे समजून ते बदलावे.

वर्षअखेरीस गटाचा अहवाल लिहिताना सभासद किती झाले, हा आकडा शेवटी लिहावा. आरंभी लिहावयाचे ते असे : किती प्रश्न आले, किती सुटले, आणि त्यांतील किती प्रश्न पूर्वी कधीच न बोललेल्यांनी विचारले.