मूळ चाल आणि नवा गळा

मौलिकतेच्या निकषाने मराठी समीक्षेला एक सोयीचा आळस बहाल केला आहे. एखादे दुर्लक्षित जुने गीत नव्या गायकाने गायिले की 'मूळची गोडी राहिली का?' असे विचारायचे. जुन्या कथेवर नवे काव्य रचले गेले की 'इतिहासाशी जुळते का?' असे विचारायचे. दोन्ही प्रश्नांत एकच गृहीतक दडलेले आहे: मूळ संहिता स्वयंपूर्ण असते आणि नंतरची प्रत्येक आवृत्ती तिची केवळ ऋणको असते.

अजिंठ्याचे उदाहरण हे गृहीतक मोडीत काढते. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्यांची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. अजिंठा गावात उरली ती १८५६ मध्ये निवर्तलेल्या पारोची कबर आणि तिच्याभोवतीची आख्यायिका. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' (१९८४) या दीर्घकाव्यात ती आख्यायिका नव्याने गायिली. २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांच्या चित्रपटात ती कौशल इनामदार यांच्या संगीतासह पुन्हा उभी राहिली. हे काव्य वाचलेल्याला त्या कबरीचा दगड पूर्वीसारखा मुका राहत नाही. उत्तरसंहितेने पूर्वसंहितेचा अर्थच पालटला. मग येथे ऋणको कोण?

यासाठी ज्युलिया क्रिस्तेव्हा यांच्या आंतरसंहितात्मकतेचा दाखला देण्याचीही निकड नाही. तुकोबांचा एकच अभंग कीर्तनात, दिंडीत, मैफलीत निरनिराळ्या चालींनी गायिला जातो. 'अस्सल चाल' कोणती, हा वाद घालत वारकरी खोळंबत नाही. गाण्याने अभंग झिजत नाही, जगतो.

तथापि, नवे ते सारे सर्जनशील, असा उलटा भाबडेपणाही नको. नवा गळा काय ऐकू येऊ देतो आणि काय दडपतो, हे तपासलेच पाहिजे. पारोचे स्वतःचे शब्द कोठेही उपलब्ध नाहीत. तिच्याविषयी जे बोलले गेले, ते इतरांनी. प्रीतिकथेच्या गोडव्याखाली कंपनीचा अधिकारी आणि स्थानिक स्त्री यांच्यातील सत्तासंबंध झाकला जातो काय? हा प्रश्न मूळनिष्ठेचा नव्हे, अर्थनिर्मितीचा आहे. तो टाळून मूळ प्रतीवर पहारा देत बसणारी समीक्षा वाङ्मयाची नव्हे, दफ्तरखान्याची चाकरी करते.