गेली ती नजर

बरीच वर्षं बुद्धिबळ सोडलेला माणूस पुन्हा ऑनलाइन खेळायला बसला, की आधी रेटिंग कोसळतं. मी सध्या यातूनच जातो आहे आणि जामनेरात माझ्यासारखे आणखीही आहेत. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘पूर्वी इतके डाव हातचे जात नव्हते.’

यातला थोडा भाग निव्वळ हिशेबाचा आहे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ग्लिको पद्धतीनं गुण मोजतात. खूप दिवस खेळला नाहीत, की तुमच्या जुन्या आकड्यावरचा त्या पद्धतीचा भरवसा उडतो. रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह लागतं आणि सुरुवातीचे डाव हरलात तर गुण धाडकन उतरतात, जिंकलात तर तसेच चढतात. काही डावांनंतर आकडा ठिकाणावर येतो. तोवर त्यापायी झोप घालवू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. पाचोरा-जामनेर छोटी गाडी चालू होती तेव्हा आम्ही शाळकरी पोरं लोहचुंबकाचा पट मांडीवर घेऊन खेळायचो. गाडीला घाई नसायची, आम्हालाही नसायची. समोरच्या बाकावरचे एखादे आप्पा हटकायचे, ‘प्यादं दोन घरं कसं काय चाललं रे?’ त्यांच्या देशी डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. एका खेळीच्या विचारात एखादं स्टेशन मागे पडायचं. २०२० च्या टाळेबंदीत ती गाडी थांबली.

त्या संथ खेळात शिकलेलं अजून शाबूत आहे. किल्लेकोट लवकर करावा, मधली घरं धरावीत, हत्तीला मोकळी पट्टी द्यावी. गेली ती नजर. परवा समोरच्याचा उंट जी-५ वर आला. माझा एफ-६ वरचा घोडा वजिरापुढे जखडला गेला, एवढं लगेच दिसलं. पण डी-५ वरचं प्यादं त्याच घोड्याच्या जिवावर उभं होतं, हे ध्यानात येईस्तोवर ते पटावरून गेलं होतं. शाळेत हे एका दृष्टिक्षेपात दिसायचं.

ही नजर रात्री उशिरापर्यंत तीन-तीन मिनिटांचे ब्लिट्झ खेळून परत येत नाही, हे आता मी ठामपणे सांगेन. घाईच्या डावात माणूस नवं काही पाहत नाही, सवयीनं सोंगट्या हलवतो. हरलेला डाव लाकडी पटावर पुन्हा मांडायचा. संगणकाचं बुद्धिबळ-इंजिन बंद ठेवायचं. विचार कुठल्या खेळीला भरकटला, ते आधी वहीत लिहायचं आणि मगच स्टॉकफिश या इंजिनाला विचारायचं. कुठली खेळी वाईट होती ते इंजिन क्षणात दाखवतं. आपल्याला ती धोक्याची का वाटली नाही, हे मात्र आपणच शोधावं लागतं. लिचेसवरची कोडी लोकांच्या खऱ्याखुऱ्या डावांतून घेतलेली असतात, तीही शेवटच्या खेळीपर्यंत मनात सोडवावीत आणि मगच बोट लावावं.

२०२५ च्या जुलैत बातुमीला नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. एकोणीस वर्षांच्या पोरीचं कौतुक सगळ्या महाराष्ट्रानं केलं, मीही केलं. पण माझं लक्ष अंतिम फेरीत पटापलीकडे बसलेल्या कोनेरू हम्पीकडेही होतं. मातृत्वासाठी हम्पी स्पर्धांपासून दूर राहिली होती. परतल्यावर २०१९ मध्ये ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा. बातुमीतही अडतिसाव्या वर्षी दोन्ही मोठे डाव तिनं बरोबरीत सोडवले आणि जलद डावांच्या टायब्रेकमध्येच ती हरली. पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेल्या बाईशी आपली तुलना नाही, पण खंड पडला म्हणजे खेळ संपला, असं म्हणणाऱ्यांना मी तिचंच नाव सांगतो.

जामनेरात कुणी अर्ध्या-अर्ध्या तासाचा डाव खेळायला आणि नंतर तोच डाव पुन्हा मांडून बोलायला तयार असेल, तर त्यांनी जरूर भेटावं. वय आणि रेटिंग कितीही चालेल. पट आणि घड्याळ माझ्याकडे आहे.