एक साचा, अनेक यंत्रे

आपल्या मंडळींत हल्ली एक संवाद वारंवार कानी पडतो. लग्नकार्यात कोणी विचारतो, "चिरंजीव कुठे असतात?" उत्तर येते, "पुण्याला. क्लाउडमध्ये आहे." विचारणारा समाधानाने मान डोलावतो, सांगणाराही डोलावतो, आणि क्लाउडमध्ये म्हणजे नेमके कशात, हे दोघांनाही ठाऊक नसते. आम्हीही परवापरवापर्यंत त्या मान डोलावणाऱ्यांपैकीच होतो.

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी वडिलांसह घरी आला. सुरतेहून बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याकडे जाणारा रस्ता आमच्या कडोदऱ्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो. त्याच रस्त्याने त्याचे वडील ऐन तारुण्यात खानदेशातून इकडे आले आणि कापडछपाईच्या मिलमध्ये हेल्परपासून चढत चढत कलर मास्टर झाले. मुलगा आज पुण्याच्या एका कंपनीत आहे. फराळाची ताटे समोर आल्यावर आम्ही त्याला सरळच विचारले, "बाबा रे, तू दिवसभर करतोस तरी काय?"

"सर, मी यंत्रांचे साचे लिहितो," तो म्हणाला.

त्याने जे समजावले ते आमच्या शब्दांत सांगतो. क्लाउड हा ढग वगैरे काही नसून, मोठमोठ्या इमारतींत रचून ठेवलेले हजारो संगणक भाड्याने देण्याचा तो व्यवसाय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई या भागांत आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. तिथल्या एका बलाढ्य संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदतात. प्रत्येकाला आपण स्वतंत्र आहोत असेच वाटते. गिऱ्हाईक मागणी करते आणि मिनिटाभरात नवे यंत्र उभे राहते. पण ते कोरे असून चालत नाही. त्यात कार्यप्रणाली हवी, गिऱ्हाइकाचे कार्यक्रम हवेत, सुरक्षेच्या मांडण्या हव्यात. हे सारे आधीच बसवून गोठवून ठेवलेली जी डिस्कची प्रत, तिला ही मंडळी इमेज म्हणतात. एका इमेजमधून दहा यंत्रे काढा की हजार, सारी एकसारखी.

वडील इथवर चकलीकडे लक्ष देऊन होते. ते म्हणाले, "म्हणजे आमची स्क्रीनच की, गुरुजी."

आम्हाला हे फार पटले. मिलमध्ये साडीच्या नक्षीतील प्रत्येक रंगाची स्क्रीन निराळी असते. तिच्या जाळीला टाचणीएवढे भोक पडले, तर तो ठिपका साडीसाडीवर उमटत जातो. दोष एक आणि नासाडी शेकडो वारांची. म्हणूनच आधी नमुन्याचा तुकडा छापून पाहतात. इमेजचेही तसेच. चूक एकदाच होते, पण तिची संतती मोठी असते.

अशी इमेज करण्याचे मार्ग दोन. पहिला असा की एक यंत्र हाताने सजवावे आणि त्याची प्रत घ्यावी. हा सोपा, पण त्यात काय काय केले हे वर्षभराने कोणालाच आठवत नाही. दुसरा मार्ग कृती लिहून ठेवण्याचा, आणि त्या लिहिलेल्या कृतीलाच टेम्प्लेट म्हणतात. या कामासाठी मिचेल हाशिमोतो यांच्या हाशिकॉर्प कंपनीने २०१३ साली पॅकर नावाचे साधन आणले. आमच्या सुरतेत पॅकर म्हणजे साड्यांच्या घड्या घालून खोक्यात भरणारा, त्यामुळे हे नाव ऐकून आम्हाला क्षणभर हसू आले. ॲमेझॉननेही २०१९ च्या अखेरीस याच कामाची स्वतःची सोय दिली. पण आमचा विद्यार्थी पॅकरवाला.

त्याच्या टेम्प्लेटमध्ये पहिल्याप्रथम मूळ सांगावे लागते: कोणत्या तयार इमेजवर पुढचे काम करायचे, कोणत्या शहरातील केंद्रात, केवढ्या यंत्रावर. पुढे बसवण्याच्या पायऱ्या येतात. अद्ययावतीकरण, मग कार्यक्रम, मग मांडण्या. हुकूम दिला की साधन एक तात्पुरते यंत्र उभे करते, त्यात शिरून एकेक पायरी पार पाडते, यंत्र बंद करते, डिस्कची प्रत घेऊन तिची इमेज म्हणून नोंद करते आणि तात्पुरते यंत्र मोडून टाकते. मोडायचे राहिले तर भाडे चालू राहते. जुन्या इमेजा साठून राहिल्या तरी साठवणुकीचे पैसे महिन्याच्या महिन्याला पडतात, हेही त्याने हळूच सांगितले.

टेम्प्लेट तपासण्याचा एक वेगळा हुकूम आहे. तो फक्त लेखनाची घडण पाहतो. कंस जुळले, अत्यावश्यक कलमे भरली, की तो 'ठीक' म्हणतो. व्याकरण निर्दोष आणि आशय शून्य असे निबंध आम्ही आयुष्यभर तपासले असल्याने या हुकमावर किती विसंबावे, हे आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही. खरी परीक्षा इमेजमधून यंत्र उठवून पाहण्यातच.

मूळ निवडतानाच बहुतेकांचा पाय घसरतो म्हणे. 'या नावाची सर्वांत ताजी इमेज घे' एवढेच लिहिले, तर आजची आणि पुढल्या महिन्यातली कृती एकच असूनही पदार्थ निराळा निघतो. त्याहून वाईट म्हणजे, नाव सांगितले पण मालक सांगितला नाही, तर तशाच नावाची दुसऱ्या कोणाची इमेज गळ्यात पडू शकते. २०२५ च्या फेब्रुवारीत डेटाडॉग या कंपनीच्या सुरक्षा-संशोधकांनी ॲमेझॉनच्या बाबतीत ही फसगत उघड केली. नामांकित छापाच्या साडीचे हुबेहूब लेबल लावून दुसराच माल विकणारे बाजारात असतात, हे आपल्या मंडळींना नवे नाही.

यानंतर तो साफसफाईच्या पायरीवर आला आणि त्याचा आवाज किंचित बदलला. यंत्र गोठवण्यापूर्वी त्यातील परवलीचे शब्द, किल्ल्या, नोंदी, कोणी काय टंकले त्याचा इतिहास, हे सर्व काढून टाकावे लागते. यंत्राची ओळखसुद्धा पुसावी लागते, म्हणजे प्रत्येक नवे यंत्र पहिल्यांदा जागे होताना आपली ओळख आपण घेते. परवलीचा शब्द टेम्प्लेटमध्ये लिहायचाच नाही, तो ऐनवेळी बाहेरून पुरवायचा. फ्रान्समधील युरेकॉम या संस्थेच्या आणि इतर काही संशोधकांनी ॲमेझॉनवरील पाच हजारांहून अधिक सार्वजनिक इमेजा तपासून २०१२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत करणाऱ्यांच्या खाजगी किल्ल्या सापडल्या. पुसलेल्या म्हणून ज्या फायली निश्चिंतपणे सोडल्या होत्या, त्याही परत काढता आल्या.

"सर, आपल्या शाळेतले अकरा संगणक आठवतात?" त्याने विचारले.

आठवतात. २०११ ची गोष्ट. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक नव्हतो. संगणककक्षाची किल्ली मात्र आमच्याकडे होती. एका संगणकावर आम्ही सारे नीट बसवले आणि एका जाणकाराकडून त्याची प्रत उरलेल्या दहांवर उतरवून घेतली. पहिला घोटाळा नावांचा झाला. अकराही संगणकांचे नाव एकच राहिल्याने जाळ्यात आल्याबरोबर ते एकमेकांवर कुरकुरू लागले. तो तासाभरात मिटला. दुसरा घोटाळा आमच्या ध्यानीमनीही नव्हता. शिष्यवृत्तीसाठी आम्ही मुलांच्या घरच्या परिस्थितीची एक यादी त्या पहिल्या संगणकावर केली होती. प्रतीबरोबर ती अकराही ठिकाणी गेली. आठवीच्या तासाला एका मुलाने ती उघडली आणि मोठ्याने वाचली. या विद्यार्थ्याच्या नावापुढे आम्ही लिहिले होते: 'वडील आजारी. मिलमधून काम सुटले. घरभाडे थकले.'

तो मुलगा चार दिवस शाळेत आला नव्हता. पाचव्या दिवशी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. काय बोललो ते आठवत नाही, पण क्षमा मागितली नव्हती एवढे नक्की आठवते. मास्तरने विद्यार्थ्याची क्षमा मागायची रीत तेव्हा आमच्या अंगी नव्हती. ती या दिवाळीत, चौदा वर्षे उशिराने, मागितली. तो संकोचून म्हणाला, "सर, राहू द्या. साफसफाईची पायरी मी कधी दुसऱ्याला देत नाही, एवढेच."

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाला एक प्रश्न केला, आणि आमच्या मते त्या संध्याकाळचा खरा प्रश्न तोच होता. "सगळं लिहून दिलंस तर उद्या तुला ठेवील कोण?"

या प्रश्नामागे त्यांचे आयुष्य होते. कलर मास्टरची किंमत त्याच्या डोक्यातील मापांवर ठरे. छपाईच्या लगद्यात डाय किती, गम किती, आम्ल किती, वाफ कितपत द्यायची, हे त्यांनी कधी कागदावर उतरवले नाही. मदतनिसाला पाठमोरा उभा करून ते वजन करीत. त्या आजारपणात दोन महिने घरी बसावे लागले, मिलमध्ये तो गडद निळा कोणालाच साधेना, आणि शेवटी मालकांनी दुसरा मास्टर आणला, तो स्वतःचा निळा घेऊन. न लिहिल्याने नोकरी वाचली नाही. पण लिहून दिले असते तर ती त्याआधीच गेली नसती, असे कोण छातीठोकपणे सांगेल?

मुलाने विचार करून उत्तर दिले. लिहिलेली कृती तशीच ठेवून भागत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत असतात, महिन्या-दोन महिन्यांत इमेज शिळी होते. कोणती ओळ का लिहिली आहे हे जाणणारा माणूस लागतोच, असे त्याचे म्हणणे. "आज तरी लागतो," असे त्याने पुढे जोडले, आणि तो प्रामाणिकपणा आम्हाला आवडला.

संक्रांतीला आम्ही तिळगूळ द्यायला त्यांच्याकडे गेलो. मुलगा पुण्याला परतला होता. वडिलांनी कपाटातून एक जुनी डायरी काढून आमच्या हाती दिली. वळणदार नसले तरी स्वच्छ अक्षर. एकेका पानावर एकेक रंग, खाली एका किलो लगद्याला ग्रॅमचे हिशेब. सतरा पाने भरली होती. गडद निळ्याच्या पानावर पाच ओळी होत्या. चार ओळींपुढे आकडे होते. पाचवीपुढची जागा मोकळी होती. आम्ही डायरी मिटून परत दिली आणि तिळगूळ पुढे केला.