सिस्टरचा सल्ला : दिव्यांना मास्टर किल्ली कशाला?



ह्या जागेत मी एरवी गुडघे, ब्लडप्रेशर नाही तर साखर ह्यांवर लिहिते. आज विषय कॉम्प्युटरचा आहे. "सिस्टरला त्यातलं काय कळतं?" असं कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण ह्या विषयामुळे आमच्या घरातल्या एका पोरावर खोटा आळ आला. उद्या तो तुमच्या नातवंडावरही येऊ शकतो. म्हणून मोठ्यांनी वाचा, आणि ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांना जवळ बसवून वाचून दाखवा.

माझा धाकटा नातू चौदा वर्षांचा. वाढदिवसाच्या पैशांतून त्यानं कॉम्प्युटरसाठी नवीन मेमरी घेतली, रंगीत दिवे लागणारी. कीबोर्ड नि माऊसला दिवे आधीच होते. खोली अशी झाली, की मुंबईतल्या गणपतीच्या मांडवाची आठवण यावी. शुक्रवारी संध्याकाळी मुलीनं शब्बाथचे दिवे लावले, तरी वरच्या खोलीतून हिरवा-जांभळा उजेड जिन्यावर येतच होता. पोरानं कॉम्प्युटर बंद केला होता, पण दिवे चालूच. कारण भिंतीवरचं बटण चालू असलं की आत थोडी वीज जात राहते. तेव्हा पहिला सल्ला इथेच देते. शब्बाथच्या आधी भिंतीवरचं बटण बंद करा.

खरी गडबड झाली रविवारी. त्याच्या पाच जणांच्या टीमची मॅच होती, आणि खेळ उघडेचना. पडद्यावर मजकूर आला, की तुमच्या कॉम्प्युटरवर असुरक्षित ड्रायव्हर सापडला आहे, खेळ सुरू होणार नाही. टीम चार जणांवर आली आणि हरली. मग एकानं लिहिलं, "चीटर असेल, म्हणून आत घेतलं नाही." सोमवारपर्यंत ते शाळेत पसरलं. मंगळवारी पोराच्या पोटात दुखायला लागलं. मुलांच्या वॉर्डात काम केलेल्या बाईला अशी पोटदुखी लगेच ओळखू येते. तिच्यावर बाटलीतलं औषध नसतं.

"आजी, मी काहीच नाही केलं गं," एवढंच तो म्हणत होता.

घरात दोन पक्ष पडले. जावई म्हणाले, हा खेळच घरात हेरगिरी करतो, काढून टाका. मुलगी म्हणाली, खेळाचं जाऊ दे, ते दिवेच कचऱ्यात टाका. पोर मधल्या मध्ये रडत होतं. त्या खेळाचं नि दिव्यांच्या कंपनीचं नाव मी इथे देत नाही. त्याची जरूरही नाही, कारण ही तक्रार पुष्कळ कंपन्यांच्या बाबतीत ऐकू येते.

मी काय केलं? नर्स जे करते तेच. पेशंट अंगावर पुरळ घेऊन आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. नक्की काय होतंय? कधीपासून? आणि त्याच्या आधी नवीन काय सुरू केलं? पडद्यावरचा मजकूर मी त्याला शब्द न् शब्द एका पाकिटाच्या मागे लिहायला लावला. शुक्रवारपर्यंत खेळ चालत होता. शनिवारी रात्री त्यानं दिव्यांचे रंग बदलायचा प्रोग्राम घातला होता. रविवारी खेळ बंद. म्हणजे दोन औषधं एकमेकांशी जुळत नव्हती. एकेक वेगळं घेतलं तर चालतं, एकत्र घेतली की पुरळ उठतो.

आता हे का होतं ते सांगते. नातवानं मला समजावलं, मी पुष्कळ वाचलं, मग माझ्या भाषेत बसवलं.

कॉम्प्युटर म्हणजे एक हॉस्पिटल समजा. भेटायला येणारी माणसं कॉरिडॉरमध्ये फिरतात, खुर्चीवर बसतात, पण औषधांच्या कपाटाला हात लावू शकत नाहीत. साधे प्रोग्राम असेच बाहेर राहतात. आतल्या भागाला कर्नल म्हणतात. तिथे जाणाऱ्याच्या हातात सगळ्या किल्ल्यांचा जुडगा असतो. ज्या छोट्या प्रोग्रामला आत जायची परवानगी असते त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आता दिव्यांना आत जायचं काय कारण? लाल, हिरवा, निळा, तिन्हींच्या २५६ पायऱ्या धरल्या तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. एवढंच काम. पण मेमरीवरच्या दिव्यांना निरोप द्यायचा तर मदरबोर्डवरच्या एका चिंचोळ्या गल्लीतून जावं लागतं. तिला एसएमबस म्हणतात. मेमरी किती मोठी, किती वेगाची, ही नोंद ठेवणारी चिपसुद्धा त्याच गल्लीत राहते. तिथे चुकीचं काही लिहिलं गेलं तर मेमरीची नोंद बिघडू शकते. म्हणून विंडोज साध्या प्रोग्रामला तिथे सोडत नाही. मग दिव्यांचा प्रोग्राम बरोबर एक ड्रायव्हर आणतो, म्हणजे आतली किल्ली मागून घेतो.

नवीन ड्रायव्हर नीट लिहून मायक्रोसॉफ्टची सही मिळवणं खर्चाचं काम. म्हणून कित्येक प्रोग्राम एकच जुनी, तयार किल्ली वापरत आले. तिचं नाव विनरिंगझिरो. एका जपानी प्रोग्रामरनं ती चांगल्या हेतूनं बनवली होती. पण किल्ली कोणाच्या हातात आहे हे ती नीट तपासत नाही, दुसरा कोणीही तिच्या आडून आत शिरू शकतो. हा दोष २०२० साली अधिकृतपणे नोंदला गेला. मार्च २०२५ मध्ये विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, तिला धोकादायक म्हणून पकडू लागला. तेव्हा फॅन कंट्रोल, ओपनआरजीबी असे पंखे नि दिवे सांभाळणारे प्रोग्राम वापरणाऱ्यांची एकच धांदल उडाली.

आता दुसरी बाजू, खेळातल्या पहारेकऱ्याची. त्याला अँटी-चीट म्हणतात. रायट कंपनीचा व्हॅलोरंट हा खेळ जून २०२० मध्ये बाजारात आला. त्याचा पहारेकरी व्हॅनगार्ड हा कॉम्प्युटर सुरू होतानाच आत जाऊन बसतो. आमच्या वेळच्या मेट्रन कशा, ड्यूटी सुरू व्हायच्या आधीच वॉर्डात हजर! सुरुवातीच्या चाचणीत त्यानं तापमान मोजणारे आणि पंखे चालवणारे काही प्रोग्रामही अडवले. लोकांनी आरडाओरड केली, तेव्हा मे २०२० मध्ये कंपनीनं अडवणूक कमी केली. आपल्या लंडनमध्येच सुरू झालेल्या फेसिट कंपनीचा पहारेकरीही असाच आत बसतो. ह्याच कंपनीनं सप्टेंबर २०१८ मध्ये वेम्बलीच्या अरीनात काउंटर-स्ट्राइकची जागतिक स्पर्धा भरवली होती.

एवढा कडक पहारा हवाच कशाला? कारण चोर खरेच आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत भारतातल्या एका संघाचा खेळाडू भर सामन्यात पकडला गेला. फसवणुकीच्या प्रोग्रामला त्यानं "वर्ड" असं साळसूद नाव दिलं होतं. संघ बाद झाला, आणि पुढे मोडलाच. एकाच्या पापानं चौघांचं नुकसान झालं. असले फसवे प्रोग्राम हल्ली सरळ दारातून येत नाहीत. एखादा सही असलेला पण सदोष ड्रायव्हर बरोबर आणतात आणि त्याच्या किल्लीनं आत शिरतात. हीच युक्ती खंडणीखोरही वापरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये उघडकीला आलं, की रॉबिनहूड नावाच्या टोळीनं गिगाबाइट कंपनीचा एक जुना सदोष ड्रायव्हर वापरून कॉम्प्युटरचं संरक्षण बंद पाडलं होतं.

म्हणजे पहारेकरी माणूस बघत नाही, किल्ली बघतो. सदोष किल्ली दिसली की दार बंद. ती चोराच्या खिशात आहे की दिवे लावणाऱ्या पोराच्या, हे त्याला कळत नाही. पण मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. दार न उघडणं म्हणजे शिक्षा नव्हे. खेळ सुरू न होणं वेगळं आणि फसवणूक सिद्ध होऊन बंदी येणं वेगळं. नातवाच्या पडद्यावर "तू फसवलंस" असं कुठेच लिहिलं नव्हतं. ते त्याच्या मित्रांनी आपल्या मनानं जोडलं. वॉर्डातसुद्धा गोळ्यांचा हिशेब चुकला की आधी पुन्हा मोजायचं, मग बोलायचं.

जावयांचं म्हणणं मात्र अगदीच फोल नाही. पहारेकऱ्याच्या हातातही तोच जुडगा असतो. २०१३ साली ईएसईए नावाच्या अमेरिकन कंपनीच्या पहारेकरी प्रोग्राममधून सभासदांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप बिटकॉइन काढले गेले, आणि न्यू जर्सी राज्याबरोबर दहा लाख डॉलरची तडजोड झाली. २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ ह्या खेळानं फसवणूक रोखायला एक ड्रायव्हर आणला, तोच इतका सैल निघाला की कंपनीला परत घ्यावा लागला. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट ह्या खेळाचा पहारेकरी ड्रायव्हर खंडणीखोरांनी वापरल्याचं दिसून आलं. आणि आतल्या भागातली एक चूक किती महाग पडते ते १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी दिसलं. क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षण कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. इंग्लंडमध्ये कितीतरी जीपींच्या सर्जरीत पेशंटचे कागद उघडेनात. तिथे खेळ नव्हता, चीटिंग नव्हतं, चांगल्या हेतूनं आत बसवलेला पहारेकरीच होता.

मग बाजू कोणाची घ्यायची? माझं मत सांगते. आतली किल्ली मागणारा कोणीही असो, त्याला विचारा, "तुझ्या कामाला ती लागते का?" पहारेकऱ्याला लागते, असं निदान म्हणता येतं. तो नको असेल तर तो खेळ खेळू नये, एवढी सोय आहे. पण जांभळा दिवा निळा करायला मास्टर किल्ली कशाला हवी? वॉर्डात बल्ब बदलायला आलेल्या माणसाच्या हाती आम्ही औषधांच्या कपाटाची किल्ली कधी दिली नाही. तो चोर आहे म्हणून नव्हे. त्याच्या खिशातून ती पडली तर दुसरा कोणी उचलेल म्हणून.

आम्ही आधी दिव्यांच्या प्रोग्रामचा नवा अपडेट शोधला. मिळाला नाही. मग प्रोग्राम काढला. तरी खेळ उघडेना! प्रोग्राम गेला होता, पण त्याचा ड्रायव्हर मागे राहिला होता. नातवानं तो शोधून काढला, कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला, आणि खेळ उघडला. मेमरीचे दिवे आपले मूळच्या सात रंगांत फिरत राहिले. कीबोर्ड नि माऊससाठी विंडोज ११ मध्येच सोय निघाली. सप्टेंबर २०२३ च्या अपडेटपासून "डायनॅमिक लायटिंग" आलं आहे. सगळ्या वस्तूंना ते चालत नाही, पण ज्यांना चालतं त्यांचे रंग आतल्या किल्लीशिवाय बदलता येतात.

घरात असं झालं तर एवढं करा. पडद्यावरचा मजकूर लिहून घ्या किंवा फोटो काढा. गेल्या आठवड्यात नवीन काय घातलं ते आठवा. आधी अपडेट बघा. नाही जमलं तर एका वेळी एकच गोष्ट काढा, आणि प्रत्येक वेळी पूर्ण बंद करून सुरू करा. इंटरनेटवरचा कोणी सांगतो म्हणून विंडोजचं संरक्षण बंद करू नका. हातातली पट्टी सोडली म्हणून जखम बरी होत नाही. आणि मोठ्यांनो, ज्या कॉम्प्युटरवर पोरं असे खेळ खेळतात त्यावर शक्यतो बँकेचं काम करू नका.

आणि सगळ्यात आधी पोराला विचारा, आणि त्याचं ऐका. आमच्याकडे पहिले दोन दिवस खेळ वाईट की दिवे वाईट ह्यावरच भांडण झालं. पोराच्या पोटदुखीकडे तिसऱ्या दिवशी लक्ष गेलं. ती चूक आमची.

नातवानं मजकुराचा फोटो नि काढलेल्या ड्रायव्हरचं नाव टीमला पाठवलं. तिघांनी सॉरी म्हटलं. ज्यानं "चीटर" लिहिलं त्यानं अजून म्हटलेलं नाही. पुढच्या रविवारी मॅच आहे, दोघं एकाच टीममध्ये आहेत. बघू या.

पुढच्या अंकात हिवाळ्यातल्या लसींबद्दल. सर्वांना शब्बाथ शालोम.

तुमची,
सिस्टर