मालवाहू सायकल आणि माथाडीचा न्याय

शहरातील पार्सले टेम्पोऐवजी मालवाहू सायकलींवरून पोचवावीत, हा लंडन-कोपनहेगनमध्ये रुजलेला विचार आता आपल्या महानगरांतही मांडला जात आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. दोन किलोच्या खोक्यासाठी टनभर वजनाचे वाहन गल्लीबोळात घालून धूर ओकत ठेवणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. तसे पाहिले तर डबेवाल्याची आणि दूधवाल्याची सायकल मुंबई-पुण्याला नवी नाही. मात्र ती गरिबाची होती तोवर तिला वाहतुकीतील अडथळा म्हटले गेले. विलायतेचा शिक्का बसताच ती पर्यावरणनिष्ठ ठरली! २०२४ साली खुला होऊ लागलेला मुंबईचा किनारी मार्ग हजारो कोटींच्या सार्वजनिक पैशाने उभा राहिला. त्यावर सायकलला आजही मज्जाव आहे.

परंतु खरा प्रश्न सायकलचा नसून ती चालविणाऱ्याचा आहे. डबेवाला आपल्या धंद्यात खराखुरा भागीदार असतो. ॲपवरील कंपन्याही आपल्या कामगाराला ‘भागीदार’च म्हणतात, दर, वेळ आणि दंड मात्र त्या स्वतः ठरवितात. शिवाय २५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी हलकी विजेची सायकल कायद्याने मोटारवाहन नाही. म्हणजे नोंदणी नाही, आणि मोटारवाहनाला सक्तीचा असलेला विमाही नाही. कंपन्यांचे सायकलप्रेम केवळ धुराच्या काळजीतून उपजले आहे, असे मानण्याचे कारण नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी घेण्याची तरतूद केली आहे. पण पोटापुरत्या मजुरीची आणि कामाच्या तासांची हमी त्यात नाही.

महाराष्ट्राला याचे उत्तर बाहेर शोधावे लागत नाही. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याला मालकच नाही, हा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद १९६९ च्या माथाडी कायद्याने मोडून काढला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून तो कायदा आला. मंडळाकडे नोंदणी, मजुरीवर मालकाची लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा हे सारे पाठीवर ओझे वाहणाऱ्याला मिळू शकते, तर तेच ओझे पायडलवर वाहणाऱ्याला का नाकारावे? प्रत्येक पार्सलामागे लेव्ही, ओझ्याला वजनाची मर्यादा आणि अपघाताची जबाबदारी कंपनीवर, या अटी मान्य होईपर्यंत महापालिकांनी सायकल-डेपोसाठी या कंपन्यांना सार्वजनिक जागेचा एक चौरस फूटही देऊ नये.